तीन अधिक एक

गणपती पाण्यात गेले आणि घट बसायला आठ-दहा दिवस उरले, की आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडात दरसाल एक वादळ उठते. सौ. त्याला 'आवराआवर' म्हणते. माळ्यावरचे सगळे खाली येते, खालचे सगळे गॅलरीत जाते, आणि मला कुठे ठेवावे हे कोणालाच न कळल्यामुळे मी वर्तमानपत्र घेऊन जिन्यात जाऊन बसतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला याहून बरी जागा घरात उरत नाही.

या वादळात हटकून हाती लागणारी एक वस्तू म्हणजे माझ्या वडिलांची पत्र्याची डबी. एके काळी तिच्यात बिस्किटे होती. आता तिच्यात वायसर, पाने, मोडकी कानस, पितळेच्या पट्ट्या, आणि जुन्या कॅलेंडराच्या पानाची एक घट्ट वळलेली पुडी आहे. पुडीवर अण्णांच्या टापटिपीच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे, 'दुर्बिणीचे स्क्रू. ३ + १.'

"अहो, हे भंगार किती वर्षे सांभाळायचे?" सौ. दरसाल विचारते.

"अण्णांची आहे ती," मी दरसाल सांगतो. सासऱ्यांचे नाव निघाले की ती डबी मुकाट्याने माळ्यावर परत जाते. अण्णांनी सुनेला कधी अर्ध्या शब्दाने दुखवले नव्हते. त्याचे व्याज मी अजून खात आहे.

गेल्या वर्षी मात्र ही डबी माळ्यावर चढली नाही. आवराआवरीच्या ऐन दिवशी राहुरीहून पुतण्याचा फोन आला. "काका, अण्णांच्या रायफलीच्या दुर्बिणीचे स्क्रू तुमच्याकडे आहेत का हो? ट्रंकेत दुर्बीण सापडली, पट्टी सापडली, स्क्रू काही सापडत नाहीत. बाबांच्या मनात आहे की या खंडेनवमीला रायफल दुर्बिणीसकट पूजेत ठेवावी, अण्णांच्या वेळेसारखी."

'आहेत' म्हणून मी सांगितले. फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन पुन्हा वर्तमानपत्र उघडले. पण एक ओळ वाचली असेल तर शपथ! त्या पुडीतल्या 'अधिक एक'ची हकीकत पन्नास वर्षांत मी कोणालाही सांगितली नव्हती. सौ.लासुद्धा नाही.

ती आता सांगतो.

आमचे गाव राहुरी. नगर-मनमाड रस्त्याने कोणी शिर्डीला गेले असेल तर त्याने ते मोटारीच्या खिडकीतून पाहिले असेल. जुनी माणसे सांगत, की अमृतमंथनाच्या वेळी विष्णूने मोहिनीरूपाने राहूचा शिरच्छेद केला, त्यावरून गावाला हे नाव पडले. मोहिनीराजाचे देऊळ पलीकडे नेवाशाला आहे. माझ्या लहानपणी गाव बदलत होते. मुळा नदीवर धरण झाले, कालवे आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. १९६८ साली कृषी विद्यापीठ आले. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात पाणी कसे जाईल याची मापे काढण्यात घालवला, आणि नोकरी संपत आल्यावर नदीकाठच्या आमच्या वडिलोपार्जित बारा एकरांत स्वतःसाठी पाट काढला.

रायफल याच शेतासाठी होती. पीकसंरक्षणाचा परवाना, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली .३१५ बोअरची रायफल. ही जात मोठी गमतीची. अंगकाठी सारी लष्करातल्या ली-एन्फिल्डची; पण लष्कराचे .३०३ काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून नळी तेवढी वेगळी. काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यातली. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे एकरभर रान नांगरून ठेवी. त्यांच्या मागे अण्णा जात. त्यांनी मारली किती आणि नुसती पळवली किती हे विचारू नये. एरवी वर्षातून दोनदा ते नदीच्या पलीकडच्या दरडीवर मडके ठेवून दोन-तीन गोळ्या झाडीत आणि हत्यार आपल्या हाताला ओळखते ना, एवढे पाहून घेत.

चाळिशी लागल्यावर डोळ्यांना रायफलीची मागची खाच आणि टोकाची माशी एकाच वेळी स्पष्ट दिसेनाशी झाली. तसे ते सगळ्यांचेच होते. सुईत दोरा ओवताना आपल्याला पहिल्यांदा कळते. म्हणून १९६६ साली त्यांनी मुंबईहून एक जुनी विलायती दुर्बीण आणली. तिथल्याच एका कसबी कारागिराने रायफलीच्या डाव्या अंगाला, पोलादात चार भोके पाडून, आटे काढून पोलादी पट्टी बसवून दिली. त्या पट्टीवर दुर्बीण. अण्णा त्या दुर्बिणीला इतके जपत, की आम्हा भावंडांना ती फक्त खंडेनवमीला पाहायला मिळे. तीसुद्धा हळद-कुंकवाच्या आडून.

१९७३ सालची खंडेनवमी. आदले वर्ष दुष्काळाचे गेले होते. त्याचे वर्णन करीत बसत नाही. ज्यांनी ७२ पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचे नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, विहिरीवर नवी विजेची मोटर आली होती, घरात सगळे हसतमुख होते. मी पंधरा वर्षांचा. अण्णा म्हणाले, "यंदा रायफल तू पूस. तेल कमी, फडके जास्त."

एवढेच करायचे होते. पण पंधराव्या वर्षी एवढ्यावर कोण थांबतो? अण्णा आंघोळीला गेले, आणि पट्टीच्या मागे पोलाद कसे दिसते ते पाहावे म्हणून मी त्यांचा पेचकस घेऊन चारही स्क्रू काढले. पट्टीमागे पोलाद पोलादासारखेच दिसत होते. परत लावताना एक स्क्रू हातातून निसटला, ओसरीच्या फरशीवर टिण्‌ करून उडाला आणि बळदाच्या फटीत गेला. तो आजही तिथेच असेल.

घरात त्या जाडीचा दुसरा स्क्रू शोधत मी विहिरीवर धावलो. नव्या मोटरच्या स्टार्टरच्या झाकणाला चार स्क्रू होते. एक काढला. डोळ्यांना अगदी तोच. किंचित लांब होता, तो मी पायरीच्या दगडावर घासून तोकडा केला. चकचकीत होता, त्याला कंदिलाच्या काचेची काजळी तेलात कालवून फासली. (लबाडीला लागणारी हुशारी या वयात आपोआप सुचते, अभ्यासाला लागणारी सुचत नाही.) प्रथम तो पुढच्या भोकात घालून पाहिला. दोन फेरे सुखाने गेला आणि अडला. जोर लावला, कुरकुरला, म्हणून भिऊन बाहेर काढला. मग मागच्या भोकात घातला. तिथेही तेच, पण आता अण्णांचे पाणी संपत आल्याचा आवाज येत होता. मी पेचकसावर छाती टेकवून पिळला. स्क्रू रडत रडत आत गेला आणि त्याचे डोके पट्टीला टेकले. पुढच्या भोकात मूळचा काळा स्क्रू लावला. चार डोकी, चारही काळी. अण्णांनी पूजा केली, रायफलीला झेंडूची माळ घातली, आणि मला कडाकणीचा जास्तीचा तुकडा मिळाला.

दिवाळीनंतर अण्णांनी दरडीवर मडके ठेवले. पहिली गोळी डावीकडे. दुसरी त्याहून डावीकडे. तिसरी वर कुठेतरी. मी काठावर उभा होतो. अण्णांनी रायफल खाली घेतली, खिशातून पेचकस काढला आणि चारही स्क्रू एकेक करून तपासले. माझ्या पोटात गोळा आला. पण चारही घट्ट होते. त्यांनी पुन्हा नेम धरला, पुन्हा चुकले. मग चष्मा काढून पुसला, मडक्याकडे नुसत्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "चल."

आठवड्याने ते नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. यातली 'नुकती' आणि 'काळजीचे कारण नाही' ही दोन पदे अण्णांनी गाळली. मापांवर जन्म काढलेला माणूस. हत्यार तपासले, ते बरोबर निघाले, तेव्हा उरला तो डोळाच. त्या हिवाळ्यात ते अठ्ठावन्नाचे सत्तर झाले. हिशेबाची वही आईकडून लिहवून घेऊ लागले. सायकल सोडली. पाटाच्या पाण्याचा उतार डोळ्यांनी जोखणारा माणूस बांधावर काठी टेकत चालू लागला. आणि पाडव्याला त्यांनी दादाला बोलावणे पाठवले.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तेव्हा तो पुण्याच्या एका कारखान्यात शिकाऊ होता, लेथवर हात बसला होता, वर्षभरात कायम व्हायचा होता. तो एका वळकटीसह राहुरीला परत आला आणि शेत पाहू लागला. दुसऱ्या वर्षी मी मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात गेलो, पुढे बँकेत लागलो, फ्लॅट घेतला, मुले इंग्रजी शाळेत घातली. दादा राहुरीला राहिला.

आता खरे सांगतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे माझ्या मनात कधी आले नाही. स्क्रू मी हरवला होता, एवढे पाप मला ठाऊक होते. पण अण्णांनी स्वतः तपासून चारही घट्ट असल्याचे मी डोळ्यांनी पाहिले होते. घट्ट तर घट्ट. अण्णा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा शेत आणि रायफल अर्थातच दादाकडे राहिली, आणि आठवण म्हणून मी ती डबी मागून घेतली.

तर गेल्या वर्षी पुतण्या रायफल घेऊन पुण्याला आला. परवाना आता त्याच्या नावावर झाला आहे. या परवान्याचे सोपस्कार ऐकले म्हणजे वाटते, कर्ज काढणे सोपे. आणि उपयोग म्हणाल, तर बिबट्या आमच्या उसात बिऱ्हाड करून राहिला असला तरी १९७२ च्या कायद्याने त्याच्या केसाला धक्का लावता येत नाही, रानडुकरालाही परवानगीवाचून मारता येत नाही. तेव्हा रायफलीचे मुख्य काम म्हणजे निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा होणे आणि निकालानंतर परत येणे! परंतु घरातल्या वडीलधाऱ्या वस्तूला काम काय, असे आपण विचारीत नाही.

दुरुस्तीचे काम कोपऱ्यावरच्या लेथवर करून घेता येत नाही. हत्यार दुरुस्त करण्यालाही १९५९ च्या कायद्याने वेगळा परवाना लागतो. शोधून शोधून एक परवानाधारक मिस्त्री मिळाले. सत्तरीचे, किडकिडीत, कपाळावर भिंग. रायफल हातात घेताच त्यांनी आधी बोल्ट उघडून आत बोट घालून ती रिकामी असल्याचे पाहिले, मग पुतण्याचा परवाना वाचला, आणि मग कुठे आम्हाला स्टूल दिले.

त्यांनी भोके पेट्रोलने धुतली, उजेडाकडे धरली, भिंगातून पाहिली. पुडी सोडून चार स्क्रू कागदावर मांडले. तीन काळे एकीकडे, एक दुसरीकडे. दुसरीकडच्याला फडक्याने पुसले. पन्नास वर्षांची काजळी जाऊन तो खाली चकचकीत निघाला. मग कंगव्यासारखी पाती असलेले आट्यांचे गेज त्यांनी लावून पाहिले.

"वरची दोन भोके शाबूत," ते म्हणाले. "खालच्या दोहोंचे आटे गेलेत. हे तीन स्क्रू आहेत ३ बीएचे. आणि हा आहे चार मिलिमीटरचा, मेट्रिक. कोण्या गाढवाने जबरदस्तीने घुसवलाय."

पुतण्या हसला. मी खोकलो.

मला त्या अंकांतले काही कळत नव्हते; पण मिस्त्रींना समजावून सांगण्याची हौस होती, आणि मला त्या क्षणी दुसरे काही बोलायचे नव्हते. त्यांनी सांगितले ते असे. स्क्रूचे आटे ज्याने त्याने आपल्या मर्जीने पाडावे असा जुना रिवाज होता. १८४१ साली व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने त्यांना पहिल्यांदा शिस्त लावली. पण त्याचे माप मोठ्या यंत्रांचे. घड्याळे, विजेची उपकरणे, बंदुका अशांच्या बारीक स्क्रूंसाठी १८८४ च्या सुमारास इंग्लंडातल्या ब्रिटिश असोसिएशन या विद्वानांच्या सभेने दुसरे माप ठरवले. तेच बीए. यात शून्य नंबरच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर असतात, आणि पुढचा प्रत्येक नंबर मागच्याच्या नऊदशांश. एक नंबर ०.९, दोन नंबर ०.८१, तीन नंबर ०.७३. म्हणजे तीन नंबरचा स्क्रू ४.१ मिलिमीटर जाडीचा, आटे ०.७३ वर. आणि आपल्याकडे दशमान पद्धत आल्यानंतर नव्या यंत्रांत जे मेट्रिक स्क्रू येऊ लागले, त्यातला चार मिलिमीटरचा स्क्रू घ्या. जाडी ४.०, आटे ०.७० वर. डोळ्यांना फरक दिसतो?

"शून्य पॉइंट शून्य तीन," मी म्हणालो. बँकेची सवय.

"एका आट्याला तीन शतांश. पाच आट्यांना पंधरा शतांश. शिवाय आट्याचा कोन निराळा. याचा साडेसत्तेचाळीस अंशांचा, त्याचा साठ. पहिले दोन फेरे सुखाने जाईल, मग अडेल. तिथे थांबला तर काही बिघडत नाही. जोर केला की तो जुने आटे खरवडून काढतो."

मला आईचे बोलणे आठवले. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आण्याचे सहा पैसे धरीत, पण पावलीचे पंचवीस. चार आणे सुटे सुटे दिले की चोवीसच भरत, आणि मधला एक पैसा वाण्याच्या गल्ल्यात कुठे जाई हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. जुने आणि नवे माप एका भोकात घातले की मधले थोडे कोणाचे तरी जातेच.

मग मी तो प्रश्न विचारला. विचारला नसता तर बरे झाले असते असे तेव्हा वाटले. "पण मिस्त्री, तो स्क्रू घट्ट बसला होता. पेचकसाने तपासला तरी हालत नव्हता."

"घट्ट होताच ना! खरवडलेल्या पोलादाचा चुरा आट्यांत अडकला होता, त्यात तो रुतला होता. डोके पट्टीला टेकले होते, पण पट्टीला दाबत नव्हते. पुढचा मूळचा स्क्रू अर्ध्यामुर्ध्या आट्यांवर. वरचे दोन तेवढे प्रामाणिक. बार निघाला की रायफल धक्का देते आणि पट्टी केसभर सरकते. या दोन भोकांत अंतर किती? दहा सेंटिमीटर धरा. कागदाच्या जाडीएवढी, एक दशांश मिलिमीटर पट्टी एका टोकाला सरकली, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाणार. पुढच्या बाराला आणखी कुठेतरी. नेम धरणारा बिचारा आपल्या डोळ्यांना दोष देत बसेल."

हे वाक्य ते सहज बोलले आणि कानशी धुंडाळू लागले.

पुतण्या चहा सांगायला बाहेर गेला. मी स्टुलावर बसून त्या चकचकीत स्क्रूकडे पाहत होतो. पाडव्याला ओसरीवर वळकटी टाकणारा दादा मला दिसत होता. बावीस-तेवीस वर्षांचा, हातांच्या रेघांत अजून लेथचे काळे तेल.

दुरुस्ती दोन दिवस चालली आणि दोन्ही दिवस मी तिथे जाऊन बसलो. मिस्त्रींना वाटले, गृहस्थाला आवड दिसते. भोके वेल्डिंगने भरून नव्याने पाडा, असे पुतण्याने सुचवले तेव्हा ते जवळजवळ रागावले. या पोलादाला कारखान्यात मोजून पाणी दिलेले असते. वेल्डिंगची आच लागली की ते मऊ पडते, आणि याच अंगाशी बोल्ट अडकून काडतुसाचा सारा दाब सोसतो. तारेच्या स्प्रिंगची आटेदार वेटोळी भोकात बसवता येतात, पण त्यांना भोक फार मोठे करावे लागले असते, आणि भिंत तशी पातळच. त्यांनी साधा मार्ग घेतला. बिघडलेल्या दोन भोकांना पुढचे मोठे माप द्यायचे, म्हणजे बीए दोन नंबर, जाडी ४.७. शाबूत दोन भोकांना हात लावायचा नाही.

ते पाहण्यासारखे होते. रायफल शिशाच्या पट्ट्या लावलेल्या शेगड्यात आडवी धरली. वरच्या दोन चांगल्या स्क्रूंनी पट्टी जागच्या जागी बसवली आणि तिच्याच भोकांतून ड्रिल सोडले, म्हणजे नवे भोक जुन्याच्या मध्यावरच येईल. चार मिलिमीटरचे ड्रिल, हळू, तेल सोडत. मग तीन टॅप. पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा पुरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. प्रत्येक वेळी कापलेल्या पोलादाचा बारीक कुरळा केस बाहेर येई, तो ते कुंचल्याने झाडीत. कुठेही जोर नाही. एकदा टॅप किंचित अडला, तर त्यांनी हात काढून घेतला, चष्मा पुसला, टॅप पूर्ण बाहेर काढून धुतला आणि पुन्हा पहिल्यापासून घातला. मी पंधराव्या वर्षी यातले काय काय केले नव्हते, ते मी मोजत होतो.

नवे दोन स्क्रू त्यांनी लेथवर कापले आणि नीलवून काळे केले. आतल्या बाजूला टोक बोल्टला घासू नये म्हणून कानशीने सपाट केले. आट्यांना लॉकटाइटचा एकेक थेंब लावून चारही स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळले. बोल्ट काढून, मागून नळीतून दूरच्या एका पाण्याच्या टाकीचा कोपरा पाहिला, मग दुर्बिणीतून तोच कोपरा पाहिला, आणि दुर्बीण त्याच्याशी जुळवली. तळहाताने पट्टीवर चार थापा मारल्या. पुन्हा पाहिले. कोपरा जागचा हालला नव्हता.

"तुमच्या वडिलांची ना?" पैसे घेताना त्यांनी विचारले. "वापरणारा माणूस जपणारा होता. एवढ्या वर्षांत नळीला गंजाचा ठिपका नाही."

खंडेनवमीला आम्ही दोघे राहुरीला गेलो. सौ.ला मी आदल्या रात्री सगळे सांगितले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "भावजींना सांगा. जेवणाआधी सांगा, म्हणजे घास उतरेल." तेव्हा पूजा झाल्यावर, वहिनी आत पाने घेत असताना, ओसरीवर मी दादाला सांगितले. बळदाची फट, स्टार्टर, काजळी, आणि मिस्त्रींचे ते वाक्य. शेवटी म्हणालो, "दादा, अण्णांच्या डोळ्यांना काही झाले नव्हते. तुला परत यावे लागले ते माझ्यामुळे."

दादा सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला नाही.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

मला वाटले, मी काही चुकीचे ऐकले.

"शहात्तर साली अण्णांनी दुर्बीण विकायला काढली होती. गिऱ्हाईक यायचे होते म्हणून पट्टी सोडवायला बसले, आणि तो स्क्रू हातात आला. दुपारभर घेऊन बसले होते. मग उठले, दरडीवर मडके ठेवायला लावले मला, आणि दुर्बिणीवाचून, नुसत्या माशीवर नेम धरून फोडले. पहिल्या गोळीला." त्याने सुपारीचे खांड तोंडात टाकले. "मडके फुटले तेव्हा हसले नाहीत हं. रायफल पुसून ठेवली आणि मला म्हणाले, तुला पुण्याला परत जायचे असेल तर जा, माझे मी पाहीन."

"मग?"

"मग काय! दोन दिवस विचार केला. कारखान्यात जागा कशाची राहते तीन वर्षे? आणि त्या साली पहिल्यांदा ऊस चांगला आला होता, तोडणीवाले येऊन राहुट्या ठोकून बसले होते. तो टाकून कुठे जाणार? तू तेव्हा पुण्याला कॉलेजात. अण्णा म्हणाले, त्याला यातले काही बोलायचे नाही, परीक्षा आहे." तो थोडा थांबला. "नंतर बोलायचे राहून गेले."

मला आठवले. त्याच दिवाळीच्या सुटीनंतरच्या वर्षी मी घरी आलो तेव्हा अण्णा पुन्हा स्वतः वही लिहीत होते, सायकलीवरून कालव्यापर्यंत जात होते, आणि आई सगळ्यांना सांगत होती की नवा चष्मा फार मानवला. मी खिशातून पुडीचा कागद काढून उलटा केला. इतक्या वर्षांत मी त्याची लिहिलेली बाजूच तेवढी पाहिली होती. मागच्या बाजूला छापले होते, नोव्हेंबर १९७६.

"तुला राग नाही आला?" मी विचारले.

"आला की. दोन दिवस." मग त्याने हात पुढे केला. "तो स्क्रू आणलायस का?"

मी दिला. त्याने तो चष्म्याजवळ धरून पाहिला आणि एकदम चिडून म्हणाला, "अरे लेका, एक सोडून दुसरीकडचा काढायचास! त्या स्टार्टरच्या झाकणाला मी तीन वर्षे तार बांधून होतो. पावसाळ्यात दर वेळी झाकण लोंबायचे, फ्यूज जायचा. वायरमनला शिव्या दिल्यात मी!"

वहिनी पाने घेतल्याची हाक मारीत होती. पण दादा चपला घालून विहिरीकडे निघाला सुद्धा. ती मोटर केव्हाच मोडीत गेली. आता पाण्यात बुडणारी मोटर आहे, नवी पेटी आहे. पण जुना स्टार्टर खोलीच्या भिंतीवर तसाच आहे, बिनवायरचा, त्यात चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. तीन कोपऱ्यांना तीन गंजके स्क्रू, चौथ्या कोपऱ्याला काळवंडलेल्या तारेचा वेढा. दादाने तार उकलली, भोकात तेलाचा थेंब सोडला, थोडे थांबला, आणि स्क्रू लावला.

बोटाने फिरवला तरी जात होता.

"तोकडा केलायस," तो म्हणाला. "पण पुरेल."